बिझनेस पॉडकास्ट: मोठा पाहुणा आणायचा की ऐकणाऱ्याचा प्रश्न घ्यायचा?

चाकणवाट

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मित्राने छोट्या कारखानदारांसाठी मराठीत पॉडकास्ट सुरू केला. रेकॉर्डिंग त्याच्या कोथरूडच्या घरी, खिडक्यांना गोधड्या लावून. पहिलं वर्षभर आम्ही पाहुण्यांच्या मागे धावलो. मोठं नाव असेल त्याची तारीख मिळवायची, दीड तास बोलायचं, त्यातले तीन चटपटीत तुकडे कापून रील टाकायच्या. बघणारे वाढले. पण वर्षभरात ऐकणाऱ्याचा एकही प्रश्न आला नाही. 'छान', 'प्रेरणादायी', जोडलेले हात, एवढंच.

मग एका भागात सीएंनी पेमेंटच्या नियमावर बोलायचं ठरवलं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आयकराच्या ४३बी(एच) कलमाने २०२३-२४ पासून आणखी एक चाप लावला: मुदत उलटून दिलेल्या पैशांचा खर्च माल घेणाऱ्याला, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षात, करासाठी धरता येतो. सगळं बिनचूक सांगितलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एक आवाजी निरोप आला. टर्निंगचं जॉबवर्क करणारा, म्हणजे दुसऱ्या कंपनीसाठी लेथ मशीनवर पार्ट घडवून देणारा माणूस, मागे लेथ चालू. "साहेब, कायदा समजला. पण माझा माल घेणारा एकच आहे. व्याज मागितलं तर व्याज मिळेल. पुढची ऑर्डर मिळेल का?"

आम्ही दोघं गप्प झालो. मग त्याची परवानगी घेऊन तोच निरोप पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाजवला आणि सबंध भाग त्या एका प्रश्नावर केला. उत्तर आमच्याकडे नव्हतं, म्हणून ऐकणाऱ्यांनाच विचारलं. आठवड्यात २३ निरोप आले. कुणी दुसरं गिऱ्हाईक शोधायला किती महिने लागले ते सांगितलं, कुणी म्हणालं की बिल देतानाच मुदतीची तारीख छापतो, मग तगादा लावताना तोंड वर करून बोलता येतं.

माझं मत त्या दिवसापासून पक्कं झालं. पाहुण्यामुळे माणूस एकदा येतो, आपला प्रश्न घेतला गेला की तो राहतो. म्हणून पाहुणे आणि रील दोन्ही बंद करून फक्त प्रश्नांवर भाग करावेत असं मला वाटतं. मित्राला हे मान्य नाही. तुम्हाला काय वाटतं, स्पष्ट सांगा.

थेटमुद्दा

पूर्ण असहमत. तो लेथवाला तुमच्यापर्यंत पोचला कसा, हे विचारलंत का त्याला? मी दोन कंपन्यांच्या पॉडकास्टचं काम बघतो. ऑडिओच्या अ‍ॅपवर नवा श्रोता आपण होऊन सापडणं फार कठीण आहे, जो नाव शोधत येतो त्यालाच तुम्ही दिसता. लोक आता यूट्यूबवर आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबने स्वतः जाहीर केलं की महिन्याला १०० कोटींहून जास्त लोक तिथे पॉडकास्ट बघतात. गूगलने तर आपलं वेगळं पॉडकास्ट अ‍ॅप २०२४ मध्ये बंद करून लोकांना यूट्यूब म्युझिककडे वळवलं.

तुम्ही रील बंद कराल, तर आहेत त्या लोकांचे प्रश्न सहा महिन्यांत संपतील आणि नवे येणार नाहीत. पाहुणे ठेवा. फक्त त्याला त्याच्या यशाबद्दल विचारू नका. लेथवाल्याचा प्रश्न माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातल्या माणसासमोर ठेवा. तो भाग मी रात्री जागून ऐकेन.

भाजणी

तुम्ही दोघंही बघणाऱ्यांबद्दल बोलताय, मी ऐकणारी आहे. माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, चार बायका कामाला. भाजणी भाजताना दीड-दोन तास हात रिकामा नसतो, तेव्हा मोबाइल डब्यावर ठेवून पॉडकास्ट लावते. बोलणारा म्हणतो, "स्क्रीनवर हा तक्ता बघा," तिथेच माझा संबंध तुटतो. पहिली आठ मिनिटं पाहुण्याच्या पुरस्कारांची यादी चालली तरी तेच.

आणि चाकणवाट दादा, प्रश्न घेण्याबद्दल एक सांगते. मागच्या वर्षी एका पॉडकास्टला मी विचारलं होतं: दिवाळीत दुकानदार उधारीवर माल ठेवून घेतात आणि उरलेली पाकिटं भाऊबीजेनंतर परत करतात, हा तोटा कुणी सोसायचा? "फार छान प्रश्न, पुढच्या भागात नक्की घेऊ," असं उत्तर आलं. मी चार भाग शेवटपर्यंत ऐकले, माझं नाव येतं का म्हणून. आलं नाही. पाचवा लावलाच नाही. प्रश्न मागितलाच नसता तर मी आजही ऐकत असते. घेतलेल्या प्रश्नाला उत्तर देणं जमणार नसेल तर मागू नका.

टिळकरोड

मला या चर्चेचा पायाच पटत नाही. ऐकणाऱ्याने बोललंच पाहिजे, निरोप पाठवलाच पाहिजे, असं का? न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आम्ही लहानपणी वडिलांबरोबर टिळक स्मारक मंदिरात जाऊन बसायचो. तासभर शांत ऐकायचं आणि चालत घरी येताना वडील त्यावर बोलायचे. त्या वक्त्याला कधीच कळलं नसेल की त्याचा एक मुद्दा आमच्या घरात आठवडाभर चालला. तो सहभाग नव्हता का?

ज्याला ४५ दिवसांचा नियम तुमच्याकडून पहिल्यांदा कळला आणि ज्याने कधीच निरोप पाठवला नाही, तोही तुमचा श्रोता आहे. त्याला नीट तयारी करून आलेला जाणकार हवा आहे. फक्त प्रश्नांवर भाग केलेत तर जे बोलके आहेत त्यांचाच पॉडकास्ट होईल.

आकडेमोड

टिळकरोड काकांच्या मुद्द्याला आकड्यांकडून जोड देतो. डाउनलोडवर फार विसंबू नका. मिनिटाभराचा ऑडिओ फोनवर उतरला की एक डाउनलोड धरतात, माणसाने ऐकलं की नाही त्याच्याशी संबंध नाही. २०२३ मध्ये आयओएस १७ आलं तेव्हा आयफोनने न ऐकलेले भाग आपोआप उतरवण्याची पद्धत बदलली आणि कित्येक जुन्या पॉडकास्टचे आकडे घसरले. ऐकणारे तेवढेच होते.

भाग कुठे सोडला जातो तो आलेख बघा. यूट्यूब दाखवतं, अ‍ॅपलही दाखवतं. एक कळकळीची विनंती: प्रश्नांचा भाग आणि आधीचा पाहुण्यांचा भाग, दोन्हींचे आलेख शेजारी ठेवा आणि मगच काय बंद करायचं ते ठरवा. २३ निरोप म्हणजे २३ माणसं.

भोसरीशेड

मी स्वतः पुरवठादार आहे, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. चाकणवाट, तुम्ही त्या माणसाचा आवाज वाजवलात. परवानगी घेतलीत हे चांगलं केलंत. पण या पट्ट्यात कोण कुणाचं टर्निंग करतो हे चहाच्या टपरीवरसुद्धा माहीत असतं. आवाज, मागचं लेथ, 'माल घेणारा एकच' एवढं पुरेसं आहे. खरेदीवाल्याच्या गाडीतही पॉडकास्ट चालू असतो हो. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले आम्ही आणि ते एकाच रस्त्यावर असतो.

त्याने हो म्हटलं कारण कुणीतरी पहिल्यांदा त्याचं ऐकलं होतं. धोका त्याला कळला असेलच असं नाही. तो सांभाळणं तुमचं काम होतं. मलाही हाच प्रश्न आहे, गेली सहा वर्षं आहे. मी पाठवला नाही तो याच भीतीने. माझ्यासारखे किती असतील ते कुठल्याच आलेखात दिसणार नाही.

चाकणवाट

भोसरीशेड, तुमचं वाचून मी मित्राला फोन केला. भाग आत्ताच सगळीकडून हटवला आहे, तो निरोप काढून माझ्या आवाजात प्रश्न वाचून परत चढवू. त्या माणसालाही फोन केला. त्याला अजून काही त्रास झालेला नाही, पण असं कुणाच्या कानावर जाईल हे डोक्यात आलं नव्हतं म्हणाला. माझ्याही आलं नव्हतं, आणि ते यायला हवं होतं.

थेटमुद्दा, विचारलं त्याला. त्याच्या मेहुण्याने रील पाठवली होती. तुमचं बरोबर निघालं, रील बंद करत नाही. खरेदी विभागातल्या माणसाला बोलावण्याची कल्पना मात्र मला अवघड वाटते. कंपनीत नोकरीला असलेला माणूस पेमेंटवर माइकसमोर खरं बोलणार नाही. निवृत्त झालेला मिळाला तर बघतो.

भाजणी ताई, तुमचा पाकिटांचा प्रश्न मी वहीत लिहिला आहे, पुढच्या भागात पहिला तोच. टिळकरोड काकांशी मात्र अजून सहमत नाही. व्याख्यानानंतर तुमच्याशी बोलायला वडील होते. शेडमध्ये एकटा बसून ऐकणाऱ्याशी कोण बोलणार?

टिळकरोड

त्याच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस. मोबाइल स्पीकरवर असतो हो शेडमध्ये.

भोसरीशेड

असतो. आमच्याकडे तिघं ऐकतात, जेवणाच्या सुट्टीत. भाग बदलताय म्हणून सांगतो, मी माझा प्रश्न लिहून पाठवतो. आवाजी नाही. पार्टचं नाव, गाव, गिऱ्हाईक किती, काहीच वाचू नका. फक्त एवढं विचारा: ९० दिवस पैसे न देणाऱ्याला पहिलं पत्र कुणाच्या नावाने आणि कुठल्या शब्दांत लिहायचं, म्हणजे पैसेही येतील आणि तो माणूस गेटवर ओळखही देईल.