एम.ए.ला मौद्रिक अर्थशास्त्र: गणिताशिवाय शिकवावं का?

माहुलीकर (सातारा): एम.ए.ला हा विषय घेतलेली मुलं बऱ्याच ठिकाणी अजून पैशाची कार्येच पाठ करतात. ते बी.ए.ला झालेलं असतं. २०१६ पासून चलनवाढीचं, म्हणजे महागाईचं, लक्ष्य कायद्यात आहे: ४ टक्के, दोन टक्के वर किंवा खाली. रिझर्व्ह बँकेची सहा जणांची समिती रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ठरवते. तिथला वाद समजायला टेलरचा १९९३ चा नियम (महागाई आणि उत्पादन बघून व्याजदर किती असावा ते सांगणारा) आणि अपेक्षांची समीकरणं (लोकांना पुढे किती महागाई वाटते त्याची) स्वतः सोडवता आली पाहिजेत. कलन (कॅल्क्युलस) आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचं शास्त्र) येत नसेल त्या मुलाला प्रगत पेपर देऊच नये.

हळदपेठ (सांगली): सर, अजिबात पटलं नाही. रेपो उतरला म्हणून आमच्या मार्केट यार्डातल्या शेतकऱ्याचं पतसंस्थेचं व्याज उतरत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना गृहकर्जासारखी बदलत्या दराची नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागली. पतसंस्था त्यात नाहीत, त्या सहकार खात्याकडे. हे माहीत नसलेल्याने कितीही समीकरणं सोडवली तरी त्याला सांगली जिल्ह्यातलं कर्ज कळणार नाही.

माहुलीकर: पण रेपोतला बदल कर्जदारापर्यंत किती पोचतो आणि किती महिन्यांनी, हे मोजणार कसं? अर्थमितीनेच ना? नाहीतर तुमचं म्हणणं अनुभव म्हणून खरं असूनही पुरावा ठरत नाही.

अजिंक्यतारा: बाबासाहेबांचं शालेय शिक्षण आपल्या साताऱ्यातच सुरू झालं. १९२३ च्या रुपयावरच्या ग्रंथात त्यांनी इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्सला आवडणाऱ्या सुवर्ण विनिमय पद्धतीला (रुपया सोन्याशी बांधलेल्या परकी चलनाशी ठरावीक दराने जोडणाऱ्या) विरोध केला. विनिमय दरापेक्षा रुपयाची देशातली क्रयशक्ती स्थिर हवी, हा त्यांचा आग्रह. तो त्यांनी चलनाचा इतिहास आणि किमतींचे तक्ते मांडून सिद्ध केला. आज किती एम.ए.वाले तो ग्रंथ वाचतात? माझ्या मते पहिला पेपर तिथूनच सुरू व्हावा.

माहुलीकर: वाचायलाच हवा. पण त्यांनी त्या काळातली सगळ्यात धारदार साधनं वापरली. आपल्या मुलांना आजची साधनं नाकारायची का? ग्रामीण भागातल्या मुलाला गणित झेपणार नाही असं धरून सोपा पेपर देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

हळदपेठ: झेपत नाही असं मी कुठं म्हटलं? माझा मुद्दा वेगळा आहे. महागाई मोजणाऱ्या २०१२ पायाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचं वजन ४५.८६ टक्के होतं. पाऊस लांबला, टोमॅटो महागला, तर रेपो वाढवून टोमॅटो पिकतो का?

माहुलीकर: नाही पिकत. पण महागाई अशीच राहणार असं लोकांनी धरलं, तर मजुरी, भाडं, वाहतूक सगळं वाढत जातं. समिती ती दुसरी लाट अडवायला बघते. ती कधी उठते, हे अपेक्षांच्या समीकरणातूनच शोधावं लागतं.

हळदपेठ: मग त्या अपेक्षा विचारायला रिझर्व्ह बँक इतकी वर्षं शहरी कुटुंबांपुरतीच का थांबली? आमच्या जिल्ह्यातल्या आटपाडी-जतच्या घरात कुणी विचारलं? आधी ते विचारायला मुलांना पाठवा.