एक्झिक्युटिव्ह कार्ड सगळ्यांनाच परवडतं असं नाही

बरेच जण सांगतात की अमेरिकेत आल्या आल्या कॉस्टकोचं, म्हणजे मेंबरशिप घेऊन खरेदी करायच्या त्या मोठ्या घाऊक दुकानाचं, एक्झिक्युटिव्ह कार्ड घ्यावं, पैसे वसूल होतातच. सरसकट तसं नाही हो. साधी मेंबरशिप वर्षाला ६५ डॉलर, एक्झिक्युटिव्ह १३०. एक्झिक्युटिव्हवर खरेदीचे २ टक्के रिवॉर्ड म्हणून परत मिळतात; वरचे ६५ डॉलर त्यातून भरून निघायला वर्षाला ३२५० डॉलरची, म्हणजे महिन्याला साधारण २७० डॉलरची खरेदी हवी. त्यात पेट्रोल धरत नाहीत, हे बरेच जण विसरतात. चौघांच्या घरात एवढं सहज होतं. एकट्या विद्यार्थ्याने कशाला या भानगडीत पडावं?

किमतीची पाटी मात्र नीट वाचा. शेवटी .९७ असेल तर माल बहुधा त्या दुकानाने स्वस्तात काढलेला असतो. पाटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात चांदणी (*) दिसली तर तो माल पुन्हा मागवणार नाहीत असं समजा.

आमच्याकडे कार्डाचा खरा उपयोग तुपासाठी. चार पौंडांचं बिनमिठाचं बटर आणायचं आणि घरीच कढवायचं. इंडियन स्टोअरमधल्या बरणीपेक्षा स्वस्त पडतं, शिवाय बेरी खायला मिळते ती वेगळीच. पालकाची ती भली मोठी पिशवी मात्र कितीही स्वस्त असो, दोघांच्या घरात आणू नका.