४०० जणींची सरासरी, मग हा पॅरामीटर की स्टॅटिस्टिक?

गोंधळलेली_रिसर्चर:
डेझर्टेशन चालूय, विषय रात्रपाळीच्या नर्सेसची झोप. ४०० जणींकडून फॉर्म भरून घेतले, सरासरी आली ६.२ तास आणि मी बिनधास्त लिहून टाकलं की पॅरामीटर ६.२. गाइडनी लाल पेनाने गोल करून बाजूला फक्त "कोणाचा?" एवढंच लिहिलंय. ४०० म्हणजे पॉप्युलेशन नाही का होत? कमी आहेत का?

आकडेमोड:
४०० का ४ लाख याच्याशी संबंधच नाही गं, तुला बोलायचंय कोणाबद्दल ते बघ. रात्रपाळीच्या सगळ्याच नर्सेसबद्दल ना, मग त्या सगळ्या पॉप्युलेशन, त्यांची खरी सरासरी म्हणजे म्यू हा पॅरामीटर, तो एकच ठरलेला आकडा असतो फक्त आपल्याला माहीत नसतो. तुझे ६.२ हे एक्स बार, म्हणजे फक्त विचारलेल्या जणींची (सॅम्पलची) सरासरी, तो झाला स्टॅटिस्टिक. दुसऱ्या ४०० जणी मिळाल्या असत्या तर कदाचित ६.४ आले असते, म्यू मात्र तिथल्या तिथेच.
आणि मोठ्या आकड्याला भुलू नकोस. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने २० लाखांवर उत्तरं गोळा केली आणि लँडन जिंकणार म्हणून छापलं, निवडून आले रुझवेल्ट. पत्ते घेतलेले टेलिफोनच्या यादीतून नि गाडीमालकांच्या नोंदीतून, त्यात परत ज्यांना हौस त्यांनीच उत्तर पाठवलं. तू फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला असशील तर तुझंही तेच, जी खरंच झोपेला आलीय ती कशाला भरत बसेल.

गोंधळलेली_रिसर्चर:
व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरवला 🙈 बरं मग एकाच वॉर्डातल्या सगळ्या ३२ जणींना विचारलं, कोणी सुटलं नाही, तर?

एक्सेलवाला:
फक्त त्या वॉर्डाबद्दलच बोलणार असशील तर ३२ जणी हीच पॉप्युलेशन, त्यांची सरासरी पॅरामीटर, पी व्हॅल्यू वगैरे, म्हणजे सॅम्पलवरून पॉप्युलेशनचा अंदाज बांधताना लागणारे आकडे, काढायची गरजच नाही. पण शेवटच्या चॅप्टरमध्ये "रात्रपाळीत झोप कमी होते" असं लिहिलंस की त्याच ३२ जणी सॅम्पल झाल्या, आणि तेही हाताशी होतं म्हणून घेतलेलं.
जाता जाता, एक्सेलमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशनसाठी (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) एसटीडीईव्ही डॉट एस वापरलंस की डॉट पी? एस सॅम्पलसाठी, एन (एकूण जणी) वजा १ ने भागतं, पी पॉप्युलेशनसाठी, थेट एनने.

गोंधळलेली_रिसर्चर:
डॉट पी. पी म्हणजे परफेक्ट वाटलं मला.

एक्सेलवाला:
😂 ४०० ला फरक नगण्य पडेल, तरी बदल. गाइड तेही बघणारच.