साहेबाच्या दप्तराची आरती आता पुरे

दप्तरदार (धागाकर्ता):
परवा इथे 'शिस्त शिकावी साहेबाकडून' असा लेख आला. सारांश असा: गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून ब्रिटिश कॅबिनेटच्या प्रत्येक बैठकीत कोण काय बोललं ते शब्दन्‌शब्द लिहून ठेवलंय, लंडनला क्यूच्या अभिलेखागारात जाऊन कुणीही वाचावं; आपण मात्र करंटे, दप्तर वाळवीला घालणारे. खाली धडाधड +१. तिथे दोन ओळी लिहायला बसलो, त्याचा हा धागा झाला.

डिसेंबर १९१६ च्या आधी ब्रिटिश कॅबिनेटचं इतिवृत्त नावाची चीजच नव्हती. सचिव नाही, विषयपत्रिका नाही, मंत्र्यांनी टिपणं घ्यायची नाहीत. बैठक उरकली की पंतप्रधान राजाला एक पत्र लिहिणार, झाली अधिकृत नोंद. त्यात काय घालायचं नि काय गाळायचं ते त्याच्या मर्जीवर. कर्झनने (हो, तोच, फाळणीवाला) १९१८ मध्ये लॉर्ड्समध्ये उभं राहून सांगितलं की नक्की काय ठरलं याची मंत्र्यांनाच धड कल्पना नसायची.

१९१४ घ्या. २ ऑगस्ट, रविवार, कॅबिनेट दोनदा बसलं. जर्मन आरमार फ्रान्सच्या किनाऱ्यावर आलं तर आम्ही अडवू, असं फ्रेंच राजदूताला सांगायची परवानगी परराष्ट्रमंत्री ग्रेला मिळाली. मोर्ले आणि बर्न्स बाहेर पडले. (मोर्ले म्हणजे ज्यांच्यावर गोखल्यांची भिस्त होती तेच.) महायुद्धात उतरायच्या निर्णयाचं इतिवृत्त? शून्य. आपल्याला कळतं ते पीझ आणि हॉबहाउस या मंत्र्यांच्या डायऱ्यांतून, मोर्लेंच्या मृत्यूनंतर १९२८ मध्ये छापलेल्या टिपणातून, आणि पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ व्हेनिशिया स्टॅन्ली या तरुण मैत्रिणीला जी पत्रं लिहायचे, कधी कधी बैठक चालू असतानाच, त्यांतून. फ्रान्सशी लष्करी बोलणी जानेवारी १९०६ पासून चालू होती, संपूर्ण कॅबिनेटला पत्ता लागला १९११ मध्ये. याला शिस्त म्हणायचं तर आमच्या सोसायटीचं मिनिट बुक पार्लमेंटात नेऊन ठेवा.

वखारवाला:
अर्धवट माहिती, पूर्ण आवेश. कॅबिनेटचं सांगितलंत, परराष्ट्र खातं सोयीस्कर गाळलंत. धोरण शिजायचं तिथे. मी क्यूला जाऊन परराष्ट्र खात्याच्या एफओ ३७१ या मालिकेतल्या फायली काढल्यात. आत पेन नेता येत नाही, पेन्सिलच. प्रत्येक तारेला एक जाकीट (म्हणजे कागदी वेष्टन), त्यावर आधी कनिष्ठ कारकुनाचा शेरा, मग त्याच्या वरच्याचा, मग उपसचिवाचा, तळाशी ग्रेची आद्याक्षरं. २५ जुलै १९१४ ला सेंट पीटर्सबर्गहून आलेल्या तारेवर खात्यातला वरिष्ठ अधिकारी आयर क्रो लिहितो की फ्रान्सला हाताशी धरून रशियाला आवरायची वेळ आता गेली. त्यावर ग्रेचा शेरा: आरमारमंत्री चर्चिल म्हणतो आरमार चोवीस तासांत सज्ज होईल, पण फ्रान्स-रशियाला काही सांगणं अजून घाईचं. हाताखालच्याने काय सल्ला दिला आणि मंत्र्याने तो कसा बाजूला सारला, दोन्ही एकाच तारेवर. आणि हे त्यांनी १९२६ मध्येच छापलं. लपवायचं असतं तर छापलं असतं का?

ट्यूबलाइट:
पंतप्रधान बैठकीत बसून प्रेमपत्रं लिहितोय? धागा वाचनखूण साठवला आहे.

दप्तरदार:
@वखारवाला, छापलं कारण जर्मनीने १९२२ पासून आपल्या परराष्ट्र कागदपत्रांचे खंड काढायचा सपाटा लावला, चाळीस काढले. सगळा दोष साहेबावर ढकलला जाऊ लागला तेव्हा यांना जाग आली. तरी गूच आणि टेंपर्ले या संपादकांना कागद अडवलेत तर राजीनामा देऊ असं धमकावायची पाळी आलीच. बाकी जाकिटावर शेरे होते हे मान्य, तुमच्या पेन्सिलीसकट मान्य. पण ग्रे आणि राजदूतांमधली खाजगी पत्रं वेगळ्या बासनात जायची, ती या जाकिटांत शोधून दाखवा.

@ट्यूबलाइट, पुढचं ऐका. मे १९१५ मध्ये व्हेनिशियाने लग्न ठरवलं ते एडविन माँटेग्यूशी. १९१९ च्या माँटफर्ड सुधारणांमधला माँटेग्यू! पाचशेच्या वर पत्रं उरलीत. २४ जुलैच्या पत्रात महायुद्धाची चाहूल आहे, आणि पुढे लगेच असंही की आपल्याला प्रेक्षकापलीकडे काही व्हावं लागेल असं दिसत नाही.

गावठी वकील:
तुमचं क्यू राहू द्या हो. एका तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये १९३१ चा फेरफार मागितला. आधी म्हणाले साहेब दौऱ्यावर, मग म्हणाले किल्ली दुसऱ्याकडे, शेवटी एक पिशवी पुढ्यात ओतली, आत भुसा. 'यातलाच असेल.' पक्षकार सख्ख्या भावाशी भांडत मेला. मूळ लेखक बरोबर बोलला होता, साहेब असता तर नक्कल तासात मिळाली असती.

वखारवाला:
+१. दप्तरदार, याला उत्तर द्या.

कोरेगावकर:
साहेब असता तर! काय राव. नोंद कुणाची ठेवली ते पण सांगा की.

आमच्या आजोबांचे चुलते ११७ मराठा पलटणीत. जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन, तिच्यातल्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजचं इराक) कुत-अल-अमाराच्या वेढ्यात. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. घोडी कापून खायची वेळ आली, आपल्या पोरांनी ते मटण शिवायला बरेच दिवस नकार दिला. मग शरणागती, वाळवंटातून पायपीट, तुर्कांच्या रेल्वेवर खडी फोडणं. चुलते परत आले नाहीत. सरकार मेलेल्यांच्या घरी पाठवायचं ती एक ब्राँझची चकती आली, ब्रिटानिया आणि सिंहाची, नाव इंग्रजीत उठवलेलं, तेही चुकीचं. आजी ती तुपाच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवायची. आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके गेले, इतके मेले. नावं नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायाचं नाव, आपल्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. आणि अ‍ॅस्क्विथसाहेबांची प्रेमपत्रं एकूण एक जपलेली. वाचा आणि +१ द्या.

दप्तरदार:
नेमका मुद्दा. ज्यातून हा वेढा ओढवला तो बगदादवर चालून जायचा हुकूमही असाच हवेतून आला.

वखारवाला:
हवेतून नाही. भावना समजू शकतो, पण फेकू नका. २३ ऑक्टोबर १९१५ ची तार आहे, भारतमंत्र्याची व्हाइसरॉयला: हाताशी आहे ते सैन्य पुरेसं वाटत असेल तर तिथला सेनापती जनरल निक्सनने बगदादवर जावं. त्याआधी कॅबिनेटच्या युद्धविषयक समितीत यावर चर्चा झाली. कॅबिनेटला सचिव नव्हता, पण या समितीत मॉरिस हँकी टिपणं काढत होता, ती क्यूच्या कॅब ४२ या मालिकेत आहेत. १९१७ मध्ये, युद्ध चालू असताना, या मोहिमेच्या चौकशी आयोगाचा अहवाल छापून आला, तेव्हाचा व्हाइसरॉय हार्डिंगपासून निक्सनपर्यंत सगळ्यांची धुलाई झाली, भारतमंत्री चेंबरलेनला जावं लागलं. त्याच खुर्चीत माँटेग्यू बसला. चालू युद्धात असला अहवाल आणखी कुणी काढला ते दाखवा.

कोरेगावकर:
म्हणजे टिपणं होती, तार होती, कुणी काय सांगितलं सगळं कागदावर होतं, आणि तरी धाडलं? मग हे तर जास्तच वाईट झालं ना! 'पुरेसं वाटत असेल तर' म्हणे. म्हणजे हरलो तर दोष निक्सनचा.

वखारवाला:
तेवढी मखलाशी त्या तारेत आहे, बरं. पण चकतीवर नाव आलं म्हणजे लंडनमध्ये कुठेतरी नावांची यादी होती, हे तुमच्याच बरणीवरून सिद्ध होतं. पंजाबच्या सव्वातीन लाखांच्या आसपास शिपायांच्या नोंदवह्या लाहोर म्युझियममध्ये निघाल्याच की.

कोरेगावकर:
यादी होती आणि भिंतीवर लावली नाही. तुम्ही माझीच बाजू मांडताय, चालू द्या. ही स्मारकं सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच २०२१ मध्ये अहवाल काढून माफी मागितली, तुम्ही अजून वकिली करताय.

राष्ट्रभक्त_०७:
सावरकरांची मार्सेल्सची उडी, हेग लवादाचा १९११ चा निकाल, परराष्ट्रमंत्री हाच ग्रे. त्याच्या फायलीबद्दल कुणी बोलत नाही. का ते सगळ्यांना माहीत आहे.

संपादक:
तो विषय वेगळ्या धाग्यावर. इथले यापुढचे तसले प्रतिसाद उडतील. वखारवाला आणि कोरेगावकर, वैयक्तिक होऊ नका.

गावठी वकील:
संपादकसाहेब, माझ्या फेरफाराबद्दल कुणी बोलतच नाही.

दप्तरदार:
वकीलसाहेब, 'साहेब असता तर' म्हणता, मग हॅन्स्लोप पार्क बघा, परराष्ट्र खात्याचं इंग्लंडमधलं बंदिस्त ठाणं. केनियातल्या माऊ माऊ बंडातल्या कैद्यांनी लंडनच्या कोर्टात खेचलं तेव्हा, २०११ मध्ये, परराष्ट्र खात्याने कबूल केलं की जुन्या वसाहतींच्या हजारो फायली तिथे कुलपात आहेत. अभिलेख कायद्याप्रमाणे त्या कधीच क्यूला जायला हव्या होत्या. किल्ली दुसऱ्याकडे, हेच की!

आणि हँकीची इतिवृत्तं सुरू झाली ती डिसेंबर १९१६ मध्ये लॉइड जॉर्ज आला तेव्हा. तीही बहुतेक निष्कर्षांची, कोण कुणावर ओरडलं ते त्यात शोधू नका.

वखारवाला:
हॅन्स्लोपचं मान्य. झालं समाधान? पण ते बाहेर कसं आलं? इतिहासकारांनी सांगितलं की या फायली असल्याच पाहिजेत, कोर्टाने आणा म्हटलं, आणि त्या निघाल्या. भुश्याच्या पिशवीतून काय काढणार होतात?

कोरेगावकर:
दप्तरदार, ते ११७ मराठाचं युद्धदैनिक क्यूला युद्धखात्याच्या डब्ल्यूओ ९५ मध्ये मिळेल का सांगा. आणि वखारवाला, पुन्हा लंडनला जाल तेव्हा पेन्सिल न्याच.