शास्त्रज्ञाची घरची पत्रं सगळ्यांना वाचायला खुली असावीत का?

ओसरी

माझे आजोबा एका सरकारी प्रयोगशाळेत लशींवर काम करायचे. फिरतीवर गेले की आजीला पत्रं लिहायचे. आजीनं ती सगळी तारेला टोचून ठेवली होती. तार गंजली, प्रत्येक पत्राच्या मधोमध तांबूस भोक पडलंय, पण अक्षर अजून लागतं. आता एका ग्रंथालयानं ती मागितली आहेत. काका म्हणतात, देऊन टाका. आत्या अडून बसली आहे. आजी-आजोबांचा थोरला मुलगा अडीच वर्षांचा असताना घटसर्पानं गेला, तेव्हा आजोबा घरी नव्हते. त्यानंतरची पत्रं त्यात आहेत. "आईचं रडणं परक्यांनी का वाचायचं?" असं तिचं म्हणणं.

माझं मत द्यावीत असं आहे, आणि ते रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरच्या कागदपत्रांमुळे झालं. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रॉसला डासाच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाचे परजीवी दिसले, एवढं आपण शाळेत शिकतो. त्यानं स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकती वाचल्या की तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. जीव नकोसा करणारा उकाडा, पण पंखा ओढायला सांगायची सोय नाही, कारण कापलेले डास वाऱ्यानं उडून जायचे. घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, डोळा लावायचं एकुलतं एक भिंग उरलेलं आणि तेही तडकलेलं. हुसेन खान नावाचा रुग्ण, त्याला रक्त प्यायलेल्या दर डासामागे एक आणा. आणि २२ ऑगस्टला रॉसनं बायकोला, रोझाला, एक अर्धवट कविता पाठवली. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचा लेख आला १८ डिसेंबरला. घरी मात्र दोन दिवसांत कागद निघाला होता! हे घरचे कागद नसते तर शोध लागला तेव्हा त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं, हे आपल्याला कधी कळलंच नसतं.

खडीसाखर

ओसरीताई, तुमच्या आत्या बरोबर आहेत असं मला वाटतं.

रॉसचं उदाहरण घेतलंत तर ते पूर्ण घ्या. ते कागद जगापुढे आले कसे? १९२८ मध्ये रॉसनं स्वतःच ते विकायला काढले. 'सायन्स प्रोग्रेस' नियतकालिकात तशी जाहिरात दिली, आणि बायकामुलांच्या निर्वाहासाठी पैसा हवा असं कारण सांगितलं. लेडी ह्यूस्टन यांनी २,००० पौंडांना ते घेतले. त्यांनी ते ब्रिटिश म्युझियमला देऊ केले, पण म्युझियमनं नाकारले. आज ते लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये आणि काही ग्लासगोला आहेत. म्हणजे कागद कुणाला दाखवायचे हे लिहिणाऱ्यानं ठरवलं. ज्या बाईच्या नावानं ती कविता आली, तिला कोणी विचारलं होतं का? पत्र टपालात टाकलं की ते ज्याच्या हाती पडलं त्याचं असतं, असं आमच्याकडे समजतात. दुसऱ्याचं पाकीट फोडू नये हे लहानपणी पहिलं शिकवलं जातं. माणूस मेला म्हणून ते पाकीट फोडायला हरकत नाही, असं कुणी शिकवत नाही.

पारावरचा

खडीसाखर, तुमच्या मुद्द्याचा आदर ठेवून विरोध करतो.

शोधाचं श्रेय कुणाचं, हा वाद पत्रांशिवाय सुटत नाही. इकडे रॉस, तिकडे इटलीत ग्रासी आणि त्याचे सहकारी. माणसाचा मलेरिया ॲनॉफिलिस डासातून पसरतो हे ग्रासीच्या गटानं १८९८ मध्ये दाखवलं. १९०२ चं नोबेल एकट्या रॉसला मिळालं. कोणाला कधी काय माहीत होतं हे तपासायचं तर रॉस आणि लंडनमधला त्याचा गुरू पॅट्रिक मॅन्सन यांच्यातली पत्रं तारखेवार वाचावी लागतात. छापील लेखात माणूस नीट कपडे करून बसलेला असतो. पत्रात तो चुकतो, चिडतो, हताश होतो, मग पुन्हा उठतो. वैद्यकीय संशोधन असं चालतं हे एम.बी.बी.एस.च्या मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून पहिलं अपयश आलं की पोरं खचतात. मी अशा मुलांना रोज शिकवतो, म्हणून हे पोटतिडकीनं लिहितोय.

दुसरं म्हणजे महंमद बक्ष. कलकत्त्यात १८९८ साली पक्ष्यांच्या मलेरियाचं काम झालं, तेव्हा डास गोळा करायला आणि सांभाळायला हा माणूस रॉसच्या हाताशी होता. प्रयोगशाळेच्या दारातलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात रॉस आहे, रोझा आहे, बक्ष आहे, समोर पक्ष्यांचे पिंजरे आहेत. अशा माणसांना शोधनिबंधात जागा मिळत नाही. ती सापडतात पत्रांत आणि आठवणींत. घरचे कागद बंद केलेत तर सर्वात आधी हीच माणसं पुसली जातील.

खडीसाखर

पारावरचा, तारखा तपासायला मॅन्सनची पत्रं पुरतात. ती दोन डॉक्टरांमधली कामाची पत्रं, खुशाल उघडा. मी घरच्या पत्रांबद्दल बोलतेय.

आणि कामाची पत्रंसुद्धा भोळी नसतात. रोमहून एडमन्स्टन चार्ल्स या डॉक्टरांनी इटालियन संशोधकांच्या हालचालींबद्दल रॉसला पत्रं लिहिली होती. ग्रासीशी वाद पेटल्यावर १९०० साली रॉसनं ती छापून टाकली. पुढेही त्यानं कागद जपले ते बऱ्याच अंशी आपली बाजू सिद्ध करायला. जो माणूस स्वतःचंच दप्तर रचतो, त्याच्या दप्तरातून निघालेलं सत्य किती मानायचं?

निळी शाई

मधेच बोलते. इतके लांब कशाला जाताय? आपल्याकडे आनंदीबाई जोशी आहेत.

आनंदीबाई संशोधक म्हणून मोठं काम करण्याइतक्या जगल्याच नाहीत. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या, प्रबंध हिंदू प्रसूतिशास्त्रावर होता. २६ फेब्रुवारी १८८७ ला वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. त्यांच्याबद्दल आपण जे काही जाणतो त्यातलं बरंचसं पत्रांतून आलंय. कॉलेजात प्रवेश मागणारं त्यांचं पत्र फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दप्तरात आहे. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, असा त्याचा आशय. हे अर्जाचं पत्र, ते कोणीही वाचावं.

पण दुसरं पत्र आहे अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेलं. लहान वयात त्यांनी लाकडाच्या तुकड्यांनी मारलं, खुर्च्या आणि पुस्तकं अंगावर फेकली, सोडून जाण्याची धमकी दिली, हे आनंदीबाई त्यात नवऱ्यालाच लिहितात. तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे सांगणं कठीण, असंही लिहितात. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. माझ्यासाठी ते पत्र लिहिलेलं नव्हतं, हे मला स्पष्ट कळत होतं. तरीही ते बंद राहायला हवं होतं असं मी म्हणू शकत नाही. ते नसतं तर 'बायकोला शिकवणारा थोर नवरा' एवढीच गोष्ट आपण पोरींना सांगत राहिलो असतो.

खडीसाखर

निळी शाई, तुमचं पटतं. इथे मी अडते, खरं सांगते. आनंदीबाईंचं ते पत्र उघडं झाल्यानं त्यांना न्याय मिळाला. पण तो न्याय ज्या बाईवर अन्याय झाला तिच्या बाजूनं आहे. ओसरीताईंच्या आजीवर त्या पत्रांतून कुठला न्याय होणार आहे? मूल गेलेली आई आणि वेळेवर न पोचलेला बाप, एवढंच ना त्यात?

ओसरी

खडीसाखर, तुमच्या या प्रश्नानं रात्री झोप लागली नाही. सकाळी आत्याला घेऊन बसले आणि ती पत्रं आम्ही दोघींनी मिळून वाचली.

आजोबांनी लिहिलंय की तार मिळाली तेव्हा ते दुसऱ्या गावातल्या लेकरांना लस टोचत होते. संध्याकाळपर्यंत रांग संपवली आणि मग स्टेशनवर गेले. गाडी सुटली होती. "आपल्या बाळाला मी टोचलेलं नव्हतं" हे वाक्य त्यांनी दोनदा लिहिलंय, दुसऱ्यांदा शाई पसरली आहे. त्या वर्षानंतर प्रत्येक पत्रात, अगदी नोकरी संपेपर्यंत, ते आजीला गल्लीतल्या मुलांना टोचून झालं का विचारतात. गल्लीतली नावं लिहून विचारतात. आजी नावापुढे बरोबरची खूण करायची. त्या खुणा पेन्सिलीच्या आहेत आणि अजून दिसतात.

म्हणजे आजी त्यात नुसती रडणारी नाही. गल्लीतली यादी तीच सांभाळत होती. आम्हाला घरात कुणालाच हे माहीत नव्हतं.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं तारेतून तीन पत्रं काढली आणि म्हणाली, ही मी असेपर्यंत पाकिटात बंद, बाकीची द्या. ग्रंथालयाला विचारलं. ठरावीक काळ काही कागद बंद ठेवायची पद्धत आहे म्हणाले, तसं लेखी देतील.

पारावरचा

ओसरीताई, पेन्सिलीच्या खुणा असलेल्या पत्रांची चांगली छायाचित्रं आधी काढून ठेवा. पेन्सिल घासून पुसट होते. आणि तारेतून काढताना ओढू नका, तार कापा.

खडीसाखर

आत्यांनी स्वतः वाचून ठरवलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. फक्त करारावर सही आत्यांची घ्या, काकांची नको.