मदत हवी आहे : मोडीचा ऑनलाइन वर्ग चौथ्या रविवारी ओस पडतो

शिरोरेघ :
नमस्कार मंडळी. मोडी लिपीचा आठ आठवड्यांचा वर्ग आहे, दर रविवारी झूमवर दीड तास. नोंदणी ४०, चौथ्या रविवारी हजर बारा-तेरा. सध्याचा क्रम असा : तीन आठवडे मुळाक्षरं नि बाराखडी स्लाइडवर (नोटो सान्स मोडी फाँट), मग जोडाक्षरं, सहाव्या आठवड्यात पहिला जुना कागद. बाराखडी पाठ असलेलेही कागदाच्या दुसऱ्या शब्दावर अडकतात. रेकॉर्डिंग पाठवलं तरी कोणी उघडत नाही. काय बदलू?

टाक_दौत :
पहिला कागद सहाव्या आठवड्यात, इथेच घोळ आहे. फाँटातलं अक्षर सुटं, नीटनेटकं, एका मापाचं. दफ्तरातला लेखक आधी ओळभर शिरोरेघ ओढतो आणि मग हात शक्यतो न उचलता तिला अक्षरं टांगत जातो. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणजे वाचणाऱ्याचं खरं काम ओळीतून शब्द तोडून काढण्याचं. ते तुमच्या स्लाइडवर कुठेच नाही.

पहिल्याच रविवारी पेशवेकालीन पत्राचा फोटो दाखवा आणि त्यातले फक्त ‘श्री’ शोधायला सांगा. अक्षरं आठवड्याला १०-१२, पण वर्णमालेच्या क्रमाने नकोत. मायन्याला लागतील ती आधी : र, ज, म, न, य, श, व, त, स. ‘राजमान्य राजश्री’, ‘विनंती’, ‘स्वामी’ एवढे शब्द आले की दुसऱ्या आठवड्यात पत्राची पहिली ओळ वाचून होते. वाचता आलं की माणूस पुढच्या रविवारी येतो.

दीड तासाची वाटणी : ५ मिनिटं मागची ओळ न बघता कागदावर, १५ मिनिटं तुमचा लिहिता हात, १० मिनिटं त्यांचा, मग १५ मिनिटं तिघातिघांच्या खोल्या (झूमच्या ब्रेकआउट रूम). उरलेला वेळ चुकांवर, तो कधीच जास्त होत नाही. खोलीत चारच ओळी द्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने गूगल डॉकमध्ये देवनागरीत उतरवायचं, तिसऱ्याने फक्त हरकती घ्यायच्या. शंकास्पद अक्षरापुढे प्रश्नचिन्ह, न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं. अंदाज दडपून लिहायचा नाही. पाच जणांची खोली केलीत की दोघे गप्प बसतात.

हमखास होणारी चूक : मुख्य खोलीत दाखवलेला पडदा छोट्या खोल्यांत आपोआप जात नाही. फोटो आधीच पाठवा, आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच. साधा फोटो दाबला जातो आणि बारीक फाटे पुसट होतात.

शिरोरेघ :
लिहिता हात दाखवायला वेगळा कॅमेरा लागेल का?

टाक_दौत :
फोन पुरतो. स्टँडवर कागदाच्या वर साधारण दीड फूट, सरळ खाली तोंड करून. फोनवरून दुसरा सहभागी म्हणून या. त्याचा माइक आणि आवाज दोन्ही बंद ठेवा, नाहीतर घुमतं. लिहिणारा उजवा असेल तर दिवा डावीकडे, म्हणजे हाताची सावली टोकावर पडत नाही. नंतर तो व्हिडिओ सगळ्यांसाठी स्पॉटलाइट करा, म्हणजे सगळ्यांच्या पडद्यावर तोच मोठा दिसतो. विद्यार्थ्यांचेही चेहरे नकोत, हात दिसू देत. काना खालून वर नेला की वरून खाली ओढला, ते तयार अक्षराच्या फोटोत कळत नाही.

मृगसाल :
तारखेचं कोडं घाला, वर्ग जागा होतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे अरबी आकडे : १ + ६० + १०० + १०००, म्हणजे सुहूर सन (मराठी कागदांतली जुनी कालगणना) ११६१. हा सन मृगाला बदलतो, म्हणून इसवी सन काढायला मृग ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते पुढचा मृग ६००. पुढे ‘छ’ आणि जमादिलाखर असेल तर? ‘छ’ म्हणजे चांद्र महिन्याची तारीख, आणि त्या साली तो महिना जानेवारीत लागला होता. उत्तर १७६१, पानिपतचा महिना. झूमच्या पोलमध्ये चुकीचे पर्याय नेहमीच्या चुकांतूनच घ्या : १७६० (५९९ मिळवले), १७५१ (फसली या दुसऱ्या सनाचे ५९० मिळवले), १२३९ (शक समजून ७८ मिळवले). कोणी काय निवडलं यावरून त्याचं कुठे चुकलं ते लगेच कळतं. पोल आदल्या दिवशी तयार ठेवा. वर्ग चालू असताना टाइप करत बसलात की मंडळी पांगलीच.

शिरोरेघ :
झकास. मधल्या सहा दिवसांचं काय? अँकी (उजळणीच्या कार्डांचं ॲप) द्यावं का?

खुंटाक्षर :
द्या, पण एकेका अक्षराची कार्डं नकोत. कागदातून कापलेला अख्खा शब्द पुढे, देवनागरी मागे. एकच शब्द तीन वेगवेगळ्या हातांचा. रोज नवी ८ कार्डं बास. वीस ठेवलीत तर आठवड्याभरात उजळणीचा ढीग साचतो आणि ॲप उघडणंच बंद होतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात, तेवढं आधी सांगा. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली खरी, पण फाँट नसलेल्या फोनवर नुसते चौकोन दिसतात. म्हणून चित्रंच वापरा.

अख्खं रेकॉर्डिंग पाठवू नका. लिहित्या हाताचे पाच-सहा मिनिटांचे तुकडे करा, फाइलच्या नावात अक्षर. बुधवारी दोन ओळी, शनिवारी उत्तर. सगळ्यांच्या वह्या तपासत बसलात तर तुम्हीच चौथ्या आठवड्यात गळाल. नेहमीच्या तीन चुका निवडा आणि रविवारी त्यांवरच बोला.

टाकाचा हट्ट मात्र नको. जेल पेन आणि रेघांची वही पुरे.

मृगसाल :
एक राहिलं. दफ्तरातले किंवा संस्थेच्या संग्रहातले कागद दाखवणार असाल तर गटावर टाकण्याआधी लेखी परवानगी घ्या. आणि शक्यतो तीसेक ओळींचं एकच पत्र आठही आठवडे चालवा. दर वेळी नवा हात आला की सगळे पुन्हा पहिल्या ओळीवर.

शिरोरेघ :
एकच पत्र हे सुचलंच नव्हतं. या रविवारी ‘श्री’ शोधण्यापासून सुरुवात करतो.