घरी बाळंतपण की प्रसूतिगृह? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझी बहीण दुसऱ्या बाळंतपणासाठी पाटणजवळच्या गावी माहेरी आली असून, ओळखीच्या खोलीत, आईचा हात पाठीवर असताना, हवे तसे चालत-बसत कळा सोसता याव्यात म्हणून घरीच बाळंत व्हावे, अशी तिची मनापासून इच्छा आहे. इंग्लंडमधील २०११ सालच्या एका मोठ्या अभ्यासात, जोखीम नसलेल्या आणि आधी बाळंतपण झालेल्या स्त्रियांनी घरी बाळंत व्हायचे ठरवले तेव्हा सिझेरियन कमी लागले व बाळाचा धोकाही वाढलेला दिसला नाही. मात्र तिथे प्रशिक्षित सुईण घरी येते. आमच्याकडे पावसात रस्ता अडतो आणि वार पडल्यावर रक्तस्राव थांबला नाही तर हाताशी वेळ उरत नाही, याची मला फार काळजी वाटते. कराड-सातारा परिसरात आईला सोबत राहू देणारे आणि नाळ घाईने न कापणारे प्रसूतिगृह कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.